बॉनेटखाली

माझ्या जुन्या हायब्रिड गाडीत मी स्वतःच्या हातानं जादा बॅटरी बसवली आणि ती घरच्या प्लगवर चार्ज करू लागलो. पाय हलका ठेवला तर गाडी नुसत्या विजेवर पळते. जोरात दाबलं की पेट्रोलचं इंजिन जागं होतं.

"महिनाभर इंजिनाला जागं केलेलं नाही," ओमारू गावातल्या पबबाहेर मी छाती फुगवून सांगितलं.

"म्हाताऱ्या, थापा मार, पण झेपतील अशा मार!" म्हणत शेजारच्या क्लाइव्हनं सगळ्यांसमोर बॉनेट उघडलं. इंजिनावर घरटं होतं आणि चार अंड्यांवर चिमणी बसली होती.

क्लाइव्हनं बॉनेट अलगद टेकवलं, माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसला आणि कुजबुजला, "घरी सोड. आणि चढावर घाई केलीस, तर तंगडी मोडीन तुझी."