गादीवाल्यासाठी तीन प्रश्न

जगात अभेद्य असा एकच गड उरला आहे, असं निबिया छातीठोकपणे सांगे: ती चालवत असलेला साल्तो गावच्या कॅनरी पक्षी पाळणाऱ्यांचा ऑनलाइन गट. त्या गडात सोमवारपासून गाद्यांच्या चौदा जाहिराती घुसल्या होत्या.

"पंधरावी दिसली की मी गट सोडला," तिच्यासोबत गटावर देखरेख करणारा वॉल्तेर फोनवर म्हणाला. "माझ्यामागून निम्मे जातील, निबियाबाई."

"येऊ तर दे. प्रवेशाला असा प्रश्न घालते, की गादीवाला स्वतःच्याच गादीवर आडवा होईल."

एकट्या राहणाऱ्या निबियाला असल्या लढाईत भारी मजा येई. तिने लिहिलं, 'पिसं झडताना कॅनरी काय करतो?' तिने प्रश्न पाठवण्याआधीच उत्तर आलं: 'गाणं थांबवतो.'

"हा गडी अभ्यास करून आलाय रे."

"कोण गडी? माझ्याकडे प्रवेश मागणाऱ्यांची यादी रिकामी आहे."

निबियाचे कान तापले. तिने नवा प्रश्न घेतला. 'माझ्या पहिल्या कॅनरीचं...' एवढंच लिहून झालं होतं.

'रेमिहिओ. लिंबाखाली पुरलंत त्याला, बिस्किटांच्या डब्यात.'

हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

"बाई, घाबरलात की काय?"

"छे. आता खरा रंग चढलाय."

तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि तिसरा प्रश्न नुसता मनात धरला: या घरात आत्ता माणसं किती?

'दोन,' पडद्यावर उमटलं. 'तेवढी गॅसवरची किटली उतरवा. उकळत्या पाण्यानं येर्बाच्या पानांचा चहा कडू होतो, आणि मला कडू सोसत नाही.'