डावखुरी गाठ

नवा वनरक्षक आयव्हर लादलेलं खेचर घेऊन शिखरावरच्या चौकीकडे निघाला होता. वाटेत जुना वनरक्षक थॅडियस भेटला. त्याची नजर ओझ्यावरच्या दोराकडे गेली. गाठ उलटी, डावीकडे वळलेली. मोंटानातल्या त्या खोऱ्यात डावखुरी एकच, थॅडियसची बायको कोरा. “ओझं कुणी बांधलं रे?” “वहिनींनी, दादा. मी बांधलेलं दर चढणीला घसरतं. खेचरसुद्धा हसतं.” थॅडियस हसला नाही. घरी कोरा पाव भाजत होती. “परक्यांची खेचरं लादायला लागलीस?” “परवाही लादलं. वरपर्यंत ओझं हललं नाही, मुद्दाम सांगायला आला बिचारा.” “मुद्दाम,” थॅडियस पुटपुटला. “माझ्या ओझ्याला तशी गाठ कधी बांधली नाहीस.” “लग्नानंतर बांधली होती. लोक हसतील म्हणून तुम्हीच सोडायला लावलीत.” “उद्या तशीच बांध.” कोराने पाव उलटला. “तुमच्या ओझ्याला हात आता सरळच वळतो.”