दुसरी मालन

भरपाई कार्यालयात दर वर्षी मालन ढोबळेला पडद्यावर दुसरी मालन दिसायची. ही अपघात न झालेली मालन. ती आज किती कमावत असती, हे संगणक तिचं आयुष्य पुढे चालवून काढायचा आणि दोघींच्या पगारातला फरक खऱ्या मालनला भत्ता म्हणून मिळायचा. भांड्यांच्या कारखान्यात प्रेसखाली तिच्या डाव्या हाताची बोटं गेली, तेव्हापासून हे असंच चाललं होतं.

या खेपेला कार्यालयातल्या मुजावरबाई जरा अवघडूनच म्हणाल्या, "मालनताई, तुमचा पगार वाढलाय. आता भत्ता बंद होईल. तुम्ही तिच्या पुढे गेलात."

"पुढे? मी?"

"तुम्ही साचे आखायला शिकलात. ती अजून त्याच प्रेसवर आहे."

मालन पडद्याकडे बघत राहिली. दोन्ही हातांनी भाकऱ्या थापणाऱ्या, लेकीच्या वेण्या घालणाऱ्या या बाईचा तिने इतकी वर्षं हेवा केला होता. आज पहिल्यांदाच तिला तिची माया वाटली.

"मॅडम, हिलाही साच्यांच्या वर्गात घालता येईल का हो? संध्याकाळी असतो."

मुजावरबाई हसल्या. "अहो, ती शिकली तर तिचा पगार तुमच्यापेक्षा वर जाईल. मग आम्हाला तुमचा भत्ता परत सुरू करावा लागेल!"

"जाऊ दे की वर," मालन उठत म्हणाली. "गाठीन मी तिला पुन्हा."