कोचावरचा बटाटा

पडद्यावरच्या इंग्रजी संवादांखाली मराठी ओळी लिहिणं हे सासूबाईंचं काम. बोलीतल्या जोडशब्दांवर त्यांचा भारी जीव. सुनेनं सुचवलेला एकही शब्द त्यांनी कधी जसाच्या तसा ठेवला नव्हता.

डोक्याच्या ऑपरेशननंतर त्यांनी डोळे उघडले, पण तोंडून अक्षर नाही. डॉक्टरांनी नाव विचारलं, मुलानं "आई, आई गं" म्हणून हाका मारल्या. त्या नुसत्या छताकडे बघत राहिल्या, जणू दार सताड उघडं आणि घरात कुणीच नाही.

"शब्द गेलेत की नुसती गुंगी आहे, आत्ताच सांगता येत नाही," डॉक्टर हळूच म्हणाले.

सून उशाशी वाकली. "आई, तुमचा राहिलेला सिनेमा मीच पुरा केला. तो दिवसभर लोळणारा नवरा आहे ना, बायको त्याला 'काउच पोटॅटो' म्हणते? मी लिहिलं, कोचावरचा बटाटा. आत्ता पाठवून देते."

सासूबाईंच्या कपाळाला आठी पडली. सुकलेले ओठ हलले.

"घर... घरकोंबडा," त्या खरखरत्या आवाजात म्हणाल्या. "माझ्या नावावर बटाटे खपवतेस होय गं?"

खाटेचा कठडा धरून मुलगा हमसून हमसून रडू लागला. त्यांनी मान वळवली. "आणि हा आमचा क्रायबेबी. रडतराऊ लिही."

एरवी चूक काढली की फुरंगटून आत निघून जाणारी सून, त्यांचा हात गालाशी घट्ट धरून म्हणाली, "काढा आई, अजून चुका काढा."