चौथ्या भागातला मृत्यू

कॅप्टन विरोचन चौथ्या भागात मेला. शनीच्या कड्यात यान फुटलं, त्याची राख झाली, मग राखेचीही राख झाली. पाचव्या भागाच्या पहिल्या पानावर तो चहा पीत होता.

याबद्दल पुढे कोणी चकार शब्द काढला नाही. खुद्द विरोचननेही नाही.

"असं होऊच शकत नाही काका," रवी म्हणाला.

"झालं नं पण," उकंडा म्हणाला आणि बैलांपुढे कडबा टाकला.

दिग्रसच्या खरेदी केंद्रापुढे कापसाच्या गाड्यांची रांग होती. रवीची गाडी, तिच्यामागे उकंडाची, त्यामागे सुखीबाईची. आज संध्याकाळी केंद्र या हंगामापुरतं बंद होणार होतं. आत गेलेल्या कापसाला सरकारी भाव, बाहेर राहिलेल्याला व्यापाऱ्याच्या मनात येईल तो. रवीच्या बहिणीचा, वैष्णवीचा, यवतमाळचा नर्सिंगचा प्रवेश याच गाडीत बसून होता.

रांगेत वेळ जात नाही, म्हणून उकंडाने 'तारायात्री' सांगायला घेतली होती. वीस भागांची जुनी अंतराळ-मालिका. रवीने ती होस्टेलात वाचून वाचून फाडली होती. म्हातारा अशी रंगवून सांगायचा की आजूबाजूचे गाडीवाले जुवावर टेकून ऐकत. रवीच्या मात्र अंगाची आग व्हायची.

"चंद्रावर हवा नाही काका. झेंडा फडफडला कसा?"

"जोरात रोवला व्हता."

"अन् बलभद्राचा डावा हात दुसऱ्या भागात तुटला. तिसऱ्यात तो टाळ्या कायनं वाजवते?"

"खुशीची गोष्ट व्हती. खुशीत माणूस हात मोजते का?"

सुखीबाई मागून खिदळली. "ये छोरा, तुले गोष्ट पायजे का पंचनामा?"

झेंडा आणि हात या चुका लेखकाच्याच होत्या. रवीने त्या आठवीत असतानाच माफ केल्या होत्या. पण तो चिडला की उकंडा गोष्ट थांबवायचा आणि त्याच्याकडे नीट बघायचा. बाजारात बैलाचे दात बघतात तसा.

"सारे भाग वाचले असतीन तू," त्याने सकाळी विचारलं होतं.

"एक सोडून. चौथा होस्टेलात कधी मिळालाच नाही. कोणीतरी ढापला होता."

उकंडाने भाकरी सोडली. भाकरी खाऊन झाल्यावर कॅप्टन मेला.

"चौथ्यात मेला असता तं पाचव्यात कोणी तरी दचकलं असतं," रवी आता म्हणत होता. "चहा देताना कप तरी सांडला असता. लेखक हात विसरन. अख्खा माणूस नाही विसरणार."

"म्हणजे मी खोटं बोलून राह्यलो?"

"तसं नाही म्हटलं मी."

"म्हटलं. साऱ्याईसमोर म्हटलं." उकंडाने तोंड फिरवलं. "साठी उलटली माही. आता पोट्टे मले खोटं पाडतीन."

सगळे गाडीवाले रवीकडे पाहू लागले. कुणीतरी च्च् केलं.

"तुम्ही विसरले असान काका, एवढंच."

"मंग आण नं पुस्तक. चौकात वाचनालय हाय. नलूबाई काढून देते."

रवीने रांगेकडे पाहिलं. सकाळपासून ती तसूभर हलली नव्हती.

"काटा बिघडला म्हणते," उकंडा म्हणाला. "मिस्त्री यवतमाळाहून यायचा हाय. जा तू. गाडीवर ध्यान ठेवतो मी. तुह्या बैलाईले पाणीबी पाजतो."

रवी तरातरा निघाला. एवढ्या चांगल्या मालिकेची एका म्हाताऱ्याने भर रस्त्यात अशी वाट लावावी, हे त्याला सहन होण्यासारखं नव्हतं.

वाचनालयात नलूबाई स्वेटर विणत होत्या.

"'तारायात्री'चा..."

"चौथा," त्यांनीच वाक्य पुरं केलं. पुस्तक त्यांनी टेबलाच्या खणातून काढलं. "कपाटात ठेवतच नाही मी हा. कापसाच्या दिवसात लय मागणी असते याले."

रवीला बरं वाटलं. जिल्ह्यात अजून वाचणारी माणसं शिल्लक होती.

पडताळायचं म्हणून त्याने शेवटचं पान उघडलं. मग पहिलं. मग ऊन उतरेपर्यंत सगळंच. शनीचं कडं आलं. यान फुटलं नाही. कॅप्टनला साधं खरचटलंसुद्धा नाही. शेवटच्या ओळीत त्याने बलभद्राला चहा ठेवायला सांगितलं.

पुस्तक डोक्यावर धरून रवी धावत परतला. "जिता हाय काका! कॅप्टन जिता हाय!"

रस्ता रिकामा होता. फाटकाला कुलूप होतं. बाजूला कडुनिंबाखाली एकच गाडी उभी होती, ती त्याची. बैल पाणी पिऊन रवंथ करत होते. कापसावर कुणीतरी ताडपत्रीही घट्ट बांधून दिली होती.

फाटकाच्या आत उकंडा आणि सुखीबाई आपापल्या रिकाम्या गाड्या झाडत होते.

"हा कॅप्टन लवकर जिता झाला," सुखीबाई म्हणाली. "पुढच्या साली कोणाले मारता?"

"आता कसं सांगू?" उकंडा म्हणाला. "पुढच्या गाडीवाल्यानं कोणता भाग वाचला नाही, ते पाहा लागते."

रवीने फाटकाच्या सळ्या धरल्या. आत कापसाची प्रत ठरवणारे ग्रेडर साहेब खुर्ची उचलत होते.

"साहेब," तो ओरडला, "सविनय विनंती आहे. कॅप्टन विरोचन मयत नसल्याचे सिद्ध झाले असल्याने, त्यांच्या मृत्युपश्चात पुढे सरकलेली रांग रद्द समजून ती पूर्ववत लावण्यात यावी."