मावशींचा कोंबडा

“साहेब, तुमच्या कारखान्याचं पाणी आमच्या ओढ्यात यायला लागलं, तेव्हापासून माझ्या कोंबड्यांचं एकही अंडं फळत नाही,” ऑफिस झाडणाऱ्या मावशी म्हणाल्या.

“पाणी शुद्ध आहे. नाचता येईना अंगण वाकडं. तो म्हातारा कोंबडा बदला आधी.”

दोन महिन्यांनी मावशींनी खुडूक कोंबडीखालची अंडी टोपलीत घालून आणली आणि एकेक अंडं साहेबांच्या टेबललॅम्पसमोर धरलं. प्रत्येकात वाढत्या पिल्लाच्या लाल शिरांचं जाळं होतं.

“बदललात ना शेवटी कोंबडा?” साहेब हसले.

“कोंबडा तोच आहे. कोंबड्यांचं पाणी बदललं. तुम्ही पिता ना, त्या जारमधलं रोज डबाभर घरी नेत होते. चोरीची तक्रार खुशाल करा. पुरावा म्हणून ही टोपली इथंच ठेवते.”