कोरडं फडकं

नैराश्य हा बायकांचा आजार असून पुरुषाला फार तर ॲसिडिटी होते, असा सिद्धान्त श्रीरंगरावांनी डॉक्टरीणबाईंना ऐकवला आणि ॲसिडिटीची गोळी तोंडात टाकली. कुमुदताई हल्ली घरात गप्प असतात, म्हणून त्यांनीच बायकोला इथे आणलं होतं.

"बाळंतपणानंतर मी रडत बसायचे, तेव्हा सासूबाईंनी दृष्ट काढली," कुमुदताई म्हणाल्या. "पाळी जाताना रडले, तेव्हा बहीण महिनाभर राहून गेली. माझं रडणं सगळ्यांनी पाहिलंय, डॉक्टर. यांचं काय?"

"मला काय धाड भरलीय?"

कुमुदताईंनी पिशवीतून पिवळं फडकं काढून टेबलावर ठेवलं. "निवृत्त झाल्यापासून हे रोज सकाळी गाडी पुसायला म्हणून खाली जातात. काचा लावून जेवणवेळेपर्यंत आत बसतात. फडकं कोरडंच वर येतं. मी गॅलरीतून बघत राहते. आज वर येतील ना, या धास्तीत बोलणार काय?"

श्रीरंगरावांनी फडकं उचलून त्याची नीट घडी घातली, मग पुन्हा मोडली.

"उतरायचं म्हणतो," ते शेवटी म्हणाले, "पण उतरून जायचं कुठे, तेच सुचत नाही. हात दारापर्यंत जातच नाही."

डॉक्टरीणबाईंनी औषध लिहिलं आणि दर आठवड्याला येऊन बोलायला सांगितलं. श्रीरंगरावांनी त्याच फडक्याने डोळे पुसले.

"येईन," ते म्हणाले. "फक्त बाहेर आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी बसलेत. त्यांच्या कानावर पडेल असं, एकदा मोठ्याने 'ॲसिडिटी' म्हणाल का?"